व्यसनमुक्तीच्या नावाखालची फसवणूक : पहिला माहितीपट करणाऱ्यांसाठी

घरातल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचा निर्णय होतो तोवर ते घर पार थकलेलं असतं. उधाऱ्या झालेल्या असतात, नातेवाईक तुटलेले असतात, रात्रीची झोप गेलेली असते. अशा वेळी फोनवर कुणी म्हणालं, ‘गाडी पाठवतो, तुम्ही फक्त सही करा,’ तर त्या घरातलं कुणी नोंदणी क्रमांक विचारत नाही. फसवणूक करणाऱ्याला ही वेळ बरोबर ठाऊक असते.

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक, असं त्यात दिसलं. गरज एवढी मोठी आणि सोय एवढी तोकडी असली की मधल्या जागेत कुणीही पाटी लावून बसतं. या विषयावर मराठीत चांगले माहितीपट व्हायला हवेत, आणि ते दोन-तीन माणसांच्या छोट्या चमूलाही जमतील. मात्र कॅमेरा सगळ्यात शेवटी बाहेर काढायचा. आधी पैसा, मग कायदा, मग कागद, मग माणसं. मी हा क्रम हट्टाने सांगतो, कारण बहुतेक नवे लोक पहिल्याच दिवशी रडणाऱ्या आईसमोर कॅमेरा लावतात आणि मग त्या रडण्यामागे सिद्ध करण्यासारखं काहीच हाती उरत नाही.

पाणी कुठं मुरतंय ते आधी शोधा

‘व्यसनमुक्ती केंद्रांमधले गैरप्रकार’ हा माहितीपटाचा विषय होत नाही. कोण, कुणाला, कुठल्या पैशासाठी फसवतं, हे एका वाक्यात लिहिता आलं तर विषय सापडला असं समजा. पैसा बदलला की फसवणुकीचा आकारही बदलतो.

अमेरिकेतलं उदाहरण बघा. फ्लोरिडाच्या पाम बीच काउंटीत व्यसनातून सावरणाऱ्यांसाठी ‘सोबर होम’ नावाची राहण्याची घरं होती. २०१०च्या आरोग्य कायद्यानंतर व्यसनमुक्तीच्या उपचारांना विम्याचं मोठं संरक्षण मिळालं आणि दलाल आले. विमा असलेल्या तरुणांना फुकट राहण्याचं आमिष दाखवायचं, आठवड्यातून अनेकदा लघवीच्या चाचण्या करायच्या आणि विमा कंपनीला अव्वाच्या सव्वा बिलं लावायची. मुलगा पुन्हा नशेकडे वळला तर उपचारांचं चक्र नव्याने सुरू, बिलंही नव्याने सुरू. तो बरा होण्यात या धंद्याला काही फायदाच नव्हता. २०१६ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी खास पथक नेमलं. केनेथ चॅटमन नावाच्या केंद्रचालकाला २०१७ मध्ये साडेसत्तावीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१८ मध्ये अशी दलाली हा केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरला. तरीही २०२३ मध्ये अ‍ॅरिझोनात तोच प्रकार सरकारी आरोग्य योजनेच्या पैशावर उघडकीस आला. नवाहो आणि इतर आदिवासी वस्त्यांमधून माणसं गाड्यांत भरून फिनिक्स परिसरातल्या घरांत नेली जात होती आणि न झालेल्या उपचारांची बिलं लावली जात होती. नुकसानीचा अंदाज दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

महाराष्ट्रात हाच साचा शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. आपल्याकडे विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अपवादांच्या यादीत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचा उपचार येतो, त्यामुळे बहुतेक पॉलिसी हा खर्च देतच नाहीत. इथला पैसा घरातून येतो. तो बहुधा रोख असतो आणि महिन्याच्या ‘पॅकेज’वर मोजला जातो. म्हणून इथली फसवणूक माणसाला जास्त दिवस ठेवून घेण्यात असते. डॉक्टर नसताना डॉक्टरचे पैसे घेण्यात असते. ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत असते. सरकारी अनुदान असेल तिथे हजेरीपटावरच्या नावांत असू शकते. यातला एकच धागा घ्या. चारही घेतलेत तर एकही शेवटाला जाणार नाही.

त्या पुडीबद्दल थोडं. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं खरं औषध आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला माहीत असताना ते दिलं जातं. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ते जेवणात गुपचूप मिसळणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणं. पुडीचा धागा घेणार असाल तर ती विकत घ्या, पावती मागा, नोंदणीकृत प्रयोगशाळेत तपासून घ्या. पुडीत काय आहे हे प्रयोगशाळेच्या अहवालाने ठरू द्या.

कायदा स्वतः वाचा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मुख्य आधार. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या अवस्था येतात. म्हणून ‘आमचा दवाखाना नाही, आश्रम आहे’ हा बचाव टिकत नाही. माणसं उपचारासाठी किंवा पुनर्वसनासाठी ठेवून घेणारी जागा कुठल्याही नावाने चालत असली, तिथे आयुर्वेद असो की योग, तिची नोंदणी हवी आणि नोंदणीचं प्रमाणपत्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावलेलं हवं.

कलम ८९ तर तोंडपाठच करा. माणसाच्या इच्छेशिवाय दाखल करायचं तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचाराच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभं राहायला कायद्याने मानलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. सात दिवसांत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, याच कायद्याखाली नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९० प्रमाणे दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी. भावाने एका फॉर्मवर सही केली म्हणून कुणाला सहा महिने कोंडून ठेवता येत नाही.

कलम २० सांगतं की रुग्णाचं डोकं जबरदस्तीने भादरायचं नाही, काम करून घ्यायचं तर मोबदला द्यायचा, त्याला स्वतःचे कपडे घालू द्यायचे. कलम ९५ प्रमाणे साखळीने बांधायला बंदी आहे आणि कलम ९७ प्रमाणे एकट्याला कोंडायलाही. रुग्णाला फोन करायचा, भेटायचा हक्क कलम २६ मध्ये आहे. मुलाखतीत कुणी म्हणालं, ‘आल्या दिवशी सगळ्यांचे केस कापतात, महिनाभर घरी फोन नाही, संडास धुवायची पाळी लागते,’ तर त्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे तुम्हाला कलम लिहिता यायला हवं. सांगणाऱ्याला ती शिस्त वाटत असते. अनेकदा घरच्यांनाही.

आणि कलम २४ तुमच्यासाठी आहे. मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र किंवा कुठलीही माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. केंद्रचालकाने ‘घ्या शूटिंग’ म्हटलं तरी रुग्णाच्या वतीने संमती देण्याचा हक्क त्याला नाही.

कागद गोळा करा

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला ३० दिवस लागतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न फोडून वेगवेगळे अर्ज करा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तुमच्या जिल्ह्यातल्या नोंदणीकृत आस्थापनांची यादी आणि तपासणी अहवाल मागा. जिल्हा समाजकल्याण कार्यालयाकडे अनुदान मिळालेल्या केंद्रांची यादी आणि त्यांचे विनियोग दाखले, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं त्याची प्रमाणपत्रं, मागा. संबंधित पोलीस ठाण्याकडे त्या पत्त्यावर नोंदलेले आकस्मिक मृत्यू मागा. हा तिसरा अर्ज लोक विसरतात, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरू शकतो.

केंद्र ट्रस्टचं असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात विश्वस्तांची नावं आणि हिशेबपत्रकं मिळतात. ज्या डॉक्टरचं नाव पाटीवर आहे त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत आहे का, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. त्या डॉक्टरला फोनही करा. पाटीवर आपलं नाव आहे हे त्याला माहीत आहे का, एवढंच विचारा.

बाहेर पडलेल्या रुग्णाला स्वतःचे उपचाराचे कागद मागायचा हक्क आहे, डॉक्टरने ते ७२ तासांत द्यायचे असतात. केसपेपर हाती आला की सावकाश वाचा. दाखल केल्याची तारीख आणि वेळ बघा, मग डॉक्टरने पहिल्यांदा तपासल्याची वेळ शोधा. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कंप, भास, भ्रम, ताप यांचा जोर होतो. यात माणूस दगावू शकतो. म्हणून या दिवसांतल्या नोंदी सगळ्यात दाट असायला हव्यात. कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) दिलं का, नाडी किती, रात्री कोण जागं होतं. त्याऐवजी तीस दिवस एकाच पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिल्यासारखं ‘बीपी १२०/८०, रुग्ण स्थिर’ दिसलं तर तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि पडद्यावर पूर्ण दिसू द्या. पावतीही तशीच वाचा. तीवर नोंदणी क्रमांक आहे का? पैसे उपचाराचे म्हणून घेतलेत की ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून? आईने मोजून दिलेल्या रकमेपेक्षा पावतीवरचा आकडा लहान आहे का?

मिळालेला प्रत्येक कागद कुठून, कधी, कुणाकडून आला याची वही ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोपेक्षा मूळ कागदाचा तुम्ही स्वतः घेतलेला फोटो बरा. कॅमेऱ्याची मूळ कार्डं पुसू नका. नव्या साक्ष कायद्याच्या (भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३) कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, संगणकाने काढलेला आकडा) लिहावं लागतं, म्हणून कॉपी करतानाच ते काढून ठेवा.

माणसांकडे जाताना

इथे घाई अजिबात चालत नाही.

तुमचा मुख्य साक्षीदार बहुधा व्यसनातून नुकता बाहेर आलेला माणूस असेल. मारहाणीची आठवण काढताना त्याची झोप उडू शकते, आणि उडालेली झोप त्याला पुन्हा गुत्त्यापर्यंत नेऊ शकते. म्हणून मुलाखतीआधी तो सध्या कुणाच्या संपर्कात आहे ते विचारा. काउन्सेलर आहे का, एए-ची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा परस्परमदत गट) मीटिंग करतो का, घरी कोण आहे? मुलाखतीच्या दिवशी त्याच्या विश्वासाचं माणूस जवळपास हवं. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानंतर तुमचा फोन जायला हवा. ज्याचा विड्रॉल, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, चालू आहे किंवा जो पिऊन आला आहे, त्याची मुलाखत घेऊ नका. त्या क्षणीची संमती ही संमती नव्हे.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसची अकरावी परंपरा आहे की सदस्यांनी छापील माध्यमं, रेडिओ आणि चित्रपट यांच्या पातळीवर आपली ओळख उघड करायची नाही. साक्षीदार मोठ्या मनाने ‘माझं नाव टाका’ म्हणाला तरी त्याला याची आठवण करून द्या. मीटिंगमध्ये कॅमेरा न्यायचा नाही, तिथलं शेअरिंग माहितीपटात घ्यायचं नाही.

संमतीपत्र मराठीत, सोप्या भाषेत करा. माहितीपट कुठे दाखवला जाईल, यूट्यूबवर टाकल्यावर तो परत घेणं का अवघड असतं, नाव-चेहरा-आवाज यांपैकी काय दिसणार, हे वाचून दाखवा. आणि अंतिम संकलन होईपर्यंत माघार घेता येईल असं लिहून द्या. चांगली मुलाखत हातची जाईल, जाऊ द्या.

चेहरा धूसर करणं पुरेसं नसतं. गावातली माणसं चालण्यावरून ओळखतात. हातावरचं गोंदण, मागे लटकलेलं कॅलेंडर, मंदिराची घंटा, बोलीतला हेल, सगळं उघडं पडतं. यंत्राने बदललेला आवाज पुन्हा मूळपदावर आणता येतो. ज्याला खरंच धोका आहे त्याचं बोलणं लिहून घ्या आणि दुसऱ्याच्या आवाजात ऐकवा, तसं पडद्यावर सांगा.

धोका म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. साक्षीदाराला सगळ्यात मोठी भीती असते ती पुन्हा उचलून नेलं जाण्याची, आणि त्यासाठी सही करणारा त्याच्याच घरात असतो. घरच्यांनी पैसे भरलेत, त्यांची फसवणूक झाली आहे, आणि त्यांच्याच सहीने तो कोंडला गेला आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. आईला आरोपीसारखे प्रश्न विचारू नका, पण ‘तुम्ही आत जाऊन पाहिलं होतं का?’ हा प्रश्न टाळूही नका. साक्षीदाराची आणि घरच्यांची मुलाखत वेगवेगळ्या दिवशी घ्या, एकाचं दुसऱ्याला सांगू नका.

वॉर्डमध्ये काम करणारे जुने पेशंट हा वेगळाच गट. उपचार संपल्यावर जायला घर नाही म्हणून ते तिथेच राहतात, नव्यांना आवरतात, कधी मारतातही. पगार नसतो, जेवण असतं. आतली रोजची घडी यांच्याइतकी कुणालाच माहीत नसते. त्यांनी स्वतः काही गुन्हा केला असेल तर बोलण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या असं त्यांना सांगणं तुमचं काम आहे. विधी सेवा प्राधिकरणात तो मोफत मिळू शकतो.

साक्षीदाराला बोलण्याचे पैसे देऊ नका. बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च द्या, नोंदवून ठेवा.

चित्रीकरण

छुपा कॅमेरा घेऊन खोटा पेशंट आत पाठवायची कल्पना प्रत्येकाला सुचते. माझं मत स्पष्ट आहे : पाठवू नका. तो बाहेर येईल याची खात्री नसते, आणि आतल्या बाकीच्या रुग्णांचे चेहरे त्यांच्या संमतीशिवाय टिपले जातात. स्टिंग करणाऱ्याला आपोआप संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रजत प्रसाद खटल्यात सांगितलं आहे. कुटुंबीय म्हणून खरोखर चौकशी करणाऱ्या व्यक्तीने फोनवर काय सांगितलं गेलं ते नोंदवणं बहुतेक वेळा पुरतं. दर, मुदत, ‘डॉक्टर रोज येतात का?’ या प्रश्नाचं उत्तर. तेही वापरण्याआधी वकिलाला ऐकवा.

साधनं साधीच हवीत. फोनचा कॅमेरा चालेल, आवाज मात्र चांगला हवा. पैसे असतील तर आधी कॉलर माइक आणि रेकॉर्डर घ्या. हळू बोलणारी माणसं असतात, पंखा बंद करा, कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या. इमारत सार्वजनिक रस्त्यावरून टिपा.

बाटल्या, धूर, अंधारी गल्ली, जमिनीवर पडलेला माणूस ही दृश्यं घेऊ नका. त्यांनी व्यसनी माणूस पुन्हा किळसवाणा दिसतो, आणि किळस वाटली की ‘बरं झालं कोंडला’ असंच प्रेक्षकाला वाटतं. त्याऐवजी कागद मोठे करून दाखवा. आईचं पासबुक दाखवा.

आणि एका चांगल्या केंद्रात जाऊन चित्रीकरण कराच. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं काम माणुसकीने होऊ शकतं हे त्यामुळे हजारो घरांना कळलं. तुमच्या भागातलं असं एखादं केंद्र शोधा. दाखल करताना तिथे काय विचारतात, रात्री कोण असतं, घरच्यांना कधी बोलावतात, ते दाखवा. नाहीतर सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि माहितीपट पाहून उपचार टाळलेल्या माणसाचं काय होतं ते आपण जाणतो.

दुसरी बाजू

ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना मुद्देसूद प्रश्न लेखी पाठवा. स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही करा, पोच जपून ठेवा, उत्तराला निदान दोन आठवडे द्या. ‘तुमच्याकडे गैरप्रकार चालतात का’ असं विचारू नका. ‘अमुक तारखेला दाखल झालेल्या रुग्णांना कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाने तपासलं?’ असं विचारा, पण तारीख आणि तपशील असे निवडा की त्यावरून साक्षीदार ओळखू येणार नाही. उत्तर आलं तर ते प्रामाणिकपणे माहितीपटात घ्या. ते पटणारं असेल तर तुमचा दावा मागे घ्या.

संकलन आणि वकील

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सत्य आणि लोकहित हा बचाव आहे, पण दोन्ही दाखवावं लागतं. म्हणून निवेदनाचं प्रत्येक वाक्य डाव्या रकान्यात आणि त्याचा पुरावा उजव्या रकान्यात, असा तक्ता करा. उजवा रकाना रिकामा राहिला तर वाक्य कापा. ‘माफिया’, ‘कसाईखाना’ असले शब्द वकील काढायला लावेलच, तुम्ही आधीच काढा. चित्रपटगृहात दाखवायचं तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागेल, त्याचा वेळ धरून ठेवा.

साक्षीदारांना त्यांचा भाग प्रदर्शनाआधी दाखवा. स्वतःचं दुःख पडद्यावर पहिल्यांदा पाहताना ते एकटे नकोत.

दाखवताना

पहिला खेळ महोत्सवापेक्षा जिल्ह्याच्या गावात ठेवा. बचत गटांच्या बायका, आशा सेविका, पोलीस पाटील, सामान्य रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ यांना बोलवा. ‘कुठं पाठवू?’ हा प्रश्न आधी याच लोकांकडे येतो. सोबत एक पानाचं पत्रक द्या : केंद्रात शिरताच नोंदणीचं प्रमाणपत्र बघा, डॉक्टरचं नाव आणि वेळ विचारा, राहण्याची जागा दाखवायला सांगा, भेटीचा वार विचारा, पूर्ण रकमेची पावती घ्या. पत्रकावर आणि माहितीपटाच्या शेवटी नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक ठळक लिहा. छापायच्या आदल्या दिवशी दोन्हीकडे स्वतः फोन लावून बघा.

काही केंद्रांवर कारवाई होईल आणि आतले रुग्ण एका रात्रीत रस्त्यावर येतील, हीही शक्यता धरा. प्रदर्शनाची तारीख ठरण्याआधी जिल्हा शल्य चिकित्सकांना भेटून अशा वेळी त्यांना कुठे हलवणार हे विचारून ठेवा, आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या.